मायक्रोकॅप्सूलचा रिलीज सरळ रेषेत का येत नाहीये?

नवशिका: मंडळी, डोक्याला ताप झालाय. आत कॅफीनचे स्फटिक, वर इथाइल सेल्युलोज या पॉलिमरचा पडदा अशा कॅप्सूल बनवल्यात. पुस्तकं म्हणतात पडदा असला की झिरो ऑर्डर, म्हणजे दर तासाला सारखाच माल बाहेर. माझ्याकडे अर्ध्या तासातच ४० टक्के बाहेर आणि मग ग्राफ वाकत वाकत आडवा. पडदा फाटलाय का? मायक्रोस्कोपखाली तर धड दिसतोय.

रूट_टी: वेळेच्या वर्गमूळाविरुद्ध प्लॉट कर, सरळ येईल. हिगुचीचं समीकरण, १९६१.

चाळणीवाला: अरे ते मॅट्रिक्ससाठी, जिथे औषध पॉलिमरमध्येच मिसळलेलं असतं. आणि वाकलेला ग्राफ दोनतीन मॉडेलांवर बसतो, नुसता आर स्क्वेअर (मॉडेल किती जुळतं त्याचा आकडा) बघून ठरवू नका राव. बनवलंस कसं ते सांग आधी, इमल्शन करून सॉल्व्हंट उडवला असशील तर ती बहुतेक कॅप्सूलच नाही, मायक्रोस्फिअर आहे, म्हणजे वेगळा पडदा नसलेली, माल पॉलिमरभर पसरलेली गोळी.

नवशिका: नाही नाही, कोअसर्व्हेशन, म्हणजे पॉलिमर द्रावणातून वेगळा होऊन स्फटिकांवर बसतो ती पद्धत. इथाइल सेल्युलोज सायक्लोहेक्झेनमध्ये ८० डिग्रीला विरघळवून हळू गार केलं.

चाळणीवाला: मग पडदा आहे. आता असं बघ, एकेक कॅप्सूल सरळ रेषेतच सोडते, तेही आत न विरघळलेला माल शिल्लक असेतोवर, कारण तोवर आतलं द्रावण संपृक्त राहतं आणि पडद्याच्या दोन बाजूंच्या संहतीतला फरक बदलत नाही. पण तू मोजतोयस हजारो एकदम, लहानमोठ्या सगळ्या. पडद्याची जाडी तीच धरली तर निम्म्या व्यासाची कॅप्सूल निम्म्या वेळात रिकामी होते. वेगवेगळ्या वेळी संपणाऱ्या सरळ रेषांची बेरीज केली की हाच वाकडा ग्राफ मिळतो! चाळून एकाच मापाच्या घे. सुरुवातीचा झटका वेगळा, तो बाहेर चिकटलेल्या कॅफीनचा, गार पाण्याने झटकन धुवून टाक, जास्त वेळ ठेवलंस तर आतलंही जाईल.

नवशिका: चाळून आणि धुवून केलं. रेषा बऱ्यापैकी सरळ झाली की! झटका कमी झाला पण गेला नाही.

चाळणीवाला: बॅच किती जुनी आहे? ठेवून ठेवून माल पडद्यातच मुरतो, तो आधी सुटतो. ताज्या बॅचमध्ये उलट व्हायला पाहिजे, सुरुवातीला थोडा वेळ काहीच येणार नाही, कारण आधी पडदा भरावा लागतो.

नवशिका: तीन आठवडे. उद्या ताजी लावतो.