उरणला एक दिवस जाण्यासारखं काही आहे का? की नुसते कंटेनर?

डोंबिवलीचा_बाबा:

नमस्कार मंडळी. नेरूळवरून उरण लोकल सुरू झाल्यापासून मुलगा (वय ८) मागे लागलाय की त्या ट्रेनमधून जायचं, पुढे उतरून काय करायचं याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही. मी उरणला आजवर दोनदा गेलोय, दोन्ही वेळा कामानिमित्त, आणि दोन्ही वेळा मला दिसली ती फक्त ट्रेलरची मागची बाजू. आता बायको म्हणते तिथे बीच आहे, रील बघितलं तिने. रील काय, आमच्या नाल्याचंही छान येतं. सोबत आई असणार, गुडघे दुखतात तिचे. सकाळी निघून रात्री घरी, एवढंच. कोणी तिथलं असेल तर खरं खरं सांगा.

उरानकर_आगरी:

दादा, पयलं म्हणजे उरण नाही, उरान 😄 आम्ही असंच म्हणतो.

आता खरं सांगतो. बीच आहे, पीरवाडी. वर पीराचा दर्गा आहे म्हणून पीरवाडी. गाव नागाव (अलिबागचं नागाव वेगळं हां, लोक मॅपवर घोळ करतात आणि मग रेवसला जाऊन उभे राहतात). एका अंगाला ओएनजीसीचा प्लांट, चिमणीवर जाळ पेटलेला असतो तो दिवसाही दिसतो, आणि दुसऱ्या अंगाला समुद्र. बॉम्बे हायचं तेल न् गॅस समुद्राखालच्या पाइपातून इथंच येतं. म्हणजे तुमचा मुलगा वाळूत किल्ला करणार आणि मागे ती चिमणी, असा तो फोटो येईल. काही लोकांना ते बघूनच परत जावंसं वाटतं, आम्हाला रात्री त्या उजेडाची इतकी सवय की दुसऱ्या गावाला गेलो की अंधार जास्त वाटतो.

गोव्यासारखी पांढरी वाळू शोधू नका. काळसर वाळू, ओहोटीला खडक उघडे पडतात. किनारा खचत गेला म्हणून दगडी बंधारा घातलाय. पाण्यात लांब जायचं नाही, दरवर्षी बाहेरून आलेली पोरं बुडतात, आणि शोधायला आमचेच कोळी बांधव उतरतात. पावसाळ्यात तर येऊच नका, तेव्हा काळे डांबराचे गोळे पण लागतात किनाऱ्याला, पायाला चिकटले की साबणाने निघत नाहीत, खोबरेल तेल चोळा.

स्टेशनवरून रिक्षा मिळते. आईंना त्रास नाही.

क्लिअरिंगवाला_पनवेल:

मी बारा वर्षं त्या रोडवर घालवलीत, फुकटचा सल्ला: गाडी घेऊन जाऊ नका. ट्रेनच बरी. न्हावा शेवा बंदर १९८९ ला चालू झालं, आजूबाजूला सगळी कंटेनर यार्डं, आणि एक ट्रेलर आडवा झाला की तुमचा बीच, जेवण, मूड सगळं गेलं. अटल सेतूने मुंबईवाले पटकन पोचतात पण तो चिर्ले साइडला उतरवतो, तिथून पुढचा रस्ता तोच आमचा. ट्रेनचा उरणपर्यंतचा टप्पा १२ जानेवारी २०२४ ला सेतूच्याच दिवशी सुरू झाला, पण गाड्या मोजक्या आहेत, परतीची वेळ आधी बघून ठेवा. डोंबिवलीवरून ठाणे, मग ट्रान्स हार्बरने नेरूळ, मग उरण.

बाकी पर्यटन वगैरे मला काही कळत नाही. मला उरण म्हणजे गेटपास न् डिझेलचा वास.

उरानकर_आगरी:

@क्लिअरिंगवाला तुम्हाला वास डिझेलचा, आम्हाला मीठागराचा आठवतो. ज्या यार्डात तुम्ही गेटपास घेता तिथं माझ्या आजोबांची भातशेती होती. सरकारने आमच्या जमिनी घेतल्या म्हणून १९८४ च्या जानेवारीत आमचे पुढारी दि. बा. पाटलांच्या मागे गावंच्या गावं रस्त्यावर आली, १६ आणि १७ तारखेला गोळीबार झाला, पाच जण गेले. त्यातून साडेबारा टक्क्यांचं तत्त्व आलं, म्हणजे घेतलेल्या जमिनीतली तेवढी विकसित करून शेतकऱ्याला परत द्यायची. ट्रेलरमधून ते दिसत नाही इतकंच. असो, बीचचा धागा आहे.

सह्याद्रीत_हरवलेला:

द्रोणागिरीचं नाव कोणीच घेतलं नाही! छोटा डोंगर आहे, वर जुना किल्ला, मारुतीराया पर्वत घेऊन जाताना त्याचा तुकडा पडला तो हा, अशी कथा. डाऊरनगरच्या बाजूने चढलो होतो, वर पोर्तुगीज चर्चचे अवशेष, पाण्याच्या टाक्या. आणि वरून जे दिसतं ते मी दुसऱ्या कुठल्याही किल्ल्यावर बघितलं नाही, एका बाजूला प्लांटच्या टाक्या गोल गोल मांडलेल्या, पलीकडे बंदराच्या क्रेन, मध्ये खाडी, आणि करंजा गावच्या बंदरात रंगीत होड्या. फक्त फोटो काढताना सांभाळून, खाली नेव्हीचा एरिया आहे, प्लांटवर पण कडक सिक्युरिटी. आजींना मात्र नको, वाट घसरडी आहे. करंज्याला देवीचं देऊळ आहे तिथे न्या त्यांना.

पाणथळ_प्रेमी:

हिवाळ्यात जात असाल तर पाणजे, भेंडखळच्या पाणथळीकडे रोहित पक्षी (फ्लेमिंगो) दिसायची शक्यता आहे. भराव पडत चाललाय म्हणून शक्यता म्हणतोय. दुर्बीण न्या, जवळ जाऊ नका.

डोंबिवलीचा_बाबा:

अरे वा, एवढं आहे हे माहीतच नव्हतं. दोन प्रश्न. एक, घारापुरी पण उरणमध्ये येते असं वाचलं, मग तिकडूनच करता येईल का त्याच दिवशी? दोन, भरती ओहोटीची वेळ कशी बघायची, कुठलं ॲप चांगलं?

उरानकर_आगरी:

घारापुरी उरण तालुक्यातच, पण पर्यटक म्हणून गेटवेवरून जा, सोपं पडतं, आणि तो वेगळा दिवस ठेवा. सोमवारी लेणी बंद. पायऱ्या भरपूर आहेत, आईंचं बघा. आणि लाँचमध्ये लाइफ जॅकेट घालायचंच, डिसेंबर २०२४ चा घारापुरीच्या लाँचचा अपघात आठवत असेल. तिथल्या गावांना समुद्राखालून केबल टाकून वीज आली ती २०१८ ला, म्हणजे समोर अख्खी मुंबई लखलखतेय आणि ह्यांच्याकडे जनरेटर, असं किती वर्षं चाललं बघा.

ॲप कशाला. तिथीला पाऊणने गुणा, भरतीची वेळ येते. चतुर्थी असेल तर ३ वाजता, अष्टमीला ६ वाजता. सहा तास मागे-पुढे सुकती, म्हणजे ओहोटी. अर्धा तास इकडेतिकडे होतो पण आमच्या आजीला घड्याळ कळत नव्हतं, हे कळायचं. पुनव-अवसेला उधाण, तेव्हा पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतं पण. मोऱ्याची (मोरा म्हणजे उरणचा धक्का) लाँच त्याच दिवसांत सुकतीला बंद पडते, धक्क्याला गाळ आहे, पाणीच नसतं. भाऊच्या धक्क्यावरून यायचं असेल तर हे बघूनच या.

क्लिअरिंगवाला_पनवेल:

बारा वर्षांत हे पाऊणचं गणित कोणी सांगितलं नव्हतं. 🙏

डोंबिवलीचा_बाबा:

मंडळी, रविवारी जाऊन आलो. पंचमी होती, पाच गुणिले पाऊण म्हणजे पावणेचार. साडेअकराला पोचलो तेव्हा पाणी पार लांब, खडक उघडे, मुलगा खेकडे शोधत बसला. त्याने चपला एका उंच खडकावर ठेवल्या, मी म्हटलं राहू दे. भजी खाऊन अडीचला बघतो तर खडकच नाही! एक चपल तरंगताना एका काकांनी काठीने ओढून दिली, दुसरी गेली ती गेली. गणित पाठ करून पण मी गाढवच.

आई बंधाऱ्यावर बसून होती, ती चिमणी बघून म्हणाली यांचा गॅस कधी संपत नाही वाटतं. येताना बाजारातून सुका जवळा न् बोंबील घेतले, तीन पिशव्यांत बांधले तरी नेरूळपर्यंत अख्खा डबा आमच्याकडे बघत होता. शेवटी समोरच्या मावशींनी विचारलंच. मला वाटलं ओरडतायत. तर म्हणे, जवळा काय भावाने दिला?