मदत हवी आहे: भाचीच्या खाण्यातील बदल कितपत गंभीर समजावेत?

कृष्णाकाठ

नमस्कार. माझी १७ वर्षांची भाची अकरावीपासून पुण्यात आमच्याकडे राहते. तिचे आईवडील सांगलीला असतात. दिवाळीनंतर तिच्या खाण्यात होत गेलेले बदल सुटे पाहिले तर किरकोळ वाटतात, पण एकत्र मांडल्यावर मला काळजी वाटू लागली आहे, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

आधी तिने गोड आणि तळलेले सोडले, त्याचे घरात कौतुकच झाले. मग भात सुटला, नंतर पोळीला तेल लावू नका असे सांगणे सुरू झाले, आणि आता ताटात जे उरते त्याचेही बारीक तुकडे करून ती इतका वेळ चिवडत बसते की बाकीच्यांची जेवणे उरकून माझा ओटाही आवरून होतो. विचारले की पोट फुगते, गॅस होतो, एवढेच सांगते. 'मी जाड आहे' किंवा 'मला बारीक व्हायचे आहे' असे तिच्या तोंडून कधीच ऐकलेले नाही. उलट स्वयंपाकाचे व्हिडिओ ती तासन्‌तास पाहते, रविवारी आमच्यासाठी हौसेने पावभाजी किंवा केक करते, आग्रह करकरून वाढते आणि स्वतः मात्र 'चव बघतानाच पोट भरले' म्हणून उठते.

सोमवार आणि संकष्टी हे उपवास आमच्या घरी पूर्वीपासून आहेत. तिने त्यांत गुरुवार आणि दोन्ही एकादश्यांची भर घातली, आणि उपवासालाही खिचडी किंवा भगर न घेता ती ताकावर दिवस काढते. सासूबाईंना ही तिची श्रद्धा वाटते; मला तशी खात्री वाटत नाही.

एप्रिलच्या उन्हात ती ढगळ स्वेटशर्ट घालून बसते आणि तरी थंडी वाजते म्हणते. केस गळतात, पाळी बरेच महिने आलेली नाही, आणि खाली बसलेली असताना एकदम उठली की भिंत धरते. जवळच्या डॉक्टरांनी हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासले, दोन्ही ठीक आले, तेव्हा बारावीचा ताण म्हणून त्यांनी टॉनिक लिहून दिले. शिवाय ती अगदी हडकुळी दिसत नाही. पूर्वी अंगाने भरलेली होती, आता चारचौघींसारखी दिसते. ताईला फोनवर सांगितले तर 'अगं, वजन आटोक्यात आले, बरेच झाले की' असे उत्तर मिळाले.

हा खाण्याचा विकार असू शकतो का, कोणत्या लक्षणांवर वाट पाहत बसू नये, आणि मावशीच्या नात्याने तिच्याशी आणि ताईशी काय बोलावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

जुने_खोड

आमच्या वेळी घरात दहा माणसे एका पंगतीत बसत, तेव्हा हे आजार कोणाला ठाऊक नव्हते. परीक्षा संपली की जेवू लागेल. मोबाइल काढून घ्या.

मानसवैद्य

मी मनोविकारतज्ज्ञ आहे. न तपासता निदान करता येत नाही आणि मी ते करणार नाही. परंतु तुमच्या वर्णनात अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसाचा (स्वतःहून खाणे धोकादायक पातळीपर्यंत कमी करण्याचा मानसिक आजार) संशय घेण्यास पुरेशी कारणे आहेत आणि ही तपासणी परीक्षेनंतर नव्हे तर याच आठवड्यात व्हावी.

'जुने_खोड' यांच्यासाठी एवढेच, की लंडनचे विल्यम गल आणि पॅरिसचे लासेग यांनी १८७० च्या दशकातच या आजाराची वर्णने प्रसिद्ध केली होती, म्हणजे तो मोबाइलच्या बराच आधीचा आहे.

आता मुख्य मुद्दा. ती हडकुळी दिसत नाही यावर विसंबू नका. ज्याचे वजन आधी जास्त होते त्याने ते झपाट्याने घटवले, तर दिसायला ठीक असूनही नाडी मंदावणे, रक्तदाब उतरणे, रक्तातील क्षारांचे प्रमाण बिघडणे हे सारे होऊ शकते, आणि अशी मुले हमखास उशिरा दवाखान्यात येतात, कारण तोवर सगळे त्यांची पाठ थोपटत असतात. जाडीची भीती बोलून न दाखवणे हेही आजार नसल्याचा पुरावा नव्हे. भारतात आणि हाँगकाँगमध्ये असे रुग्ण मानसोपचारतज्ज्ञांनी पूर्वीच नोंदवले आहेत, जे खाणे टाळण्याचे कारण म्हणून केवळ पोटाच्या तक्रारी सांगतात. या तक्रारी खोट्या नसतात. पोटात अन्न कमी जाऊ लागले की जठर रिकामे होण्याचा वेग खरोखरच मंदावतो आणि थोड्या घासांनीही पोट फुगल्यासारखे वाटते.

इतरांना रांधून घालण्याबद्दल तुम्ही लिहिले, ते मला फार बोलके वाटले. अमेरिकेत मिनेसोटा येथे १९४४-४५ मध्ये ३६ निरोगी तरुणांना स्वेच्छेने अर्धपोटी ठेवून एक अभ्यास झाला होता. त्यांच्यापैकी अनेकांच्या मनात अन्नाखेरीज दुसरा विषय उरला नाही. काही जण पाककृतींची पुस्तके जमवू लागले आणि ताटातले अन्न तासभर पुरवून खाऊ लागले. म्हणजे तुमच्या भाचीचे चिवडणे आणि व्हिडिओ पाहणे यांतला काही भाग हा उपासमारीचाच परिणाम असण्याची शक्यता आहे, हट्टीपणाचा नव्हे.

थांबू नये अशी लक्षणे: चक्कर येऊन पडणे, छातीत धडधड किंवा दुखणे, जागेपणी नाडी मिनिटाला ५० च्या खाली असणे, पाणीसुद्धा नाकारणे, स्नायूंना अतिशय अशक्तपणा येणे, किंवा जगण्याचा कंटाळा आल्याचे बोलणे. यांपैकी एकही आढळले तर त्याच दिवशी रुग्णालयात न्या. हिमोग्लोबिन ठीक आले याने काही सिद्ध होत नाही. आडवे असताना आणि उभे राहिल्यावर नाडी व रक्तदाब, ईसीजी, तसेच पोटॅशियम, सोडियम, फॉस्फेट आणि साखर पाहायला हवी. क्षयरोग, सीलिअ‍ॅक (गव्हातील ग्लुटेन न सोसण्याचा आजार), मधुमेह, आतड्याची सूज यांनीही वजन घटते, तेव्हा तेही तपासून बाजूला काढावे लागतात.

आणि कृपया, काळजीपोटी तिला एकदम भरपूर खाऊ घालू नका. दीर्घ उपासमारीनंतर आहार अचानक वाढला तर रक्तातील फॉस्फेट घसरून हृदयावर ताण येऊ शकतो. आहार कसा वाढवायचा ते तपासणीनंतर डॉक्टरच ठरवतील.

पारिजात२

माझी मुलगी यातून गेली आहे, पण तिचे चित्र वेगळे होते, म्हणून मुद्दाम लिहिते. ती सगळ्यांबरोबर व्यवस्थित जेवत असे, फक्त जेवण होताच बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून ठेवी. डब्यातले लाडू रातोरात संपत. गाल जबड्यापाशी सुजलेले दिसत आणि बोटांच्या पेरांवर ओरखडे असत. आम्हाला वाटले गालगुंड. शेवटी दातांच्या डॉक्टरांनी समोरच्या दातांच्या मागच्या बाजूची झीज पाहून आम्हाला बाजूला घेऊन विचारले. तो बुलिमिया, म्हणजे भरपूर खाऊन मग मुद्दाम उलटी काढण्याचा विकार होता, आणि वजनात जवळजवळ काहीच फरक पडलेला नव्हता.

बोलण्याबद्दल म्हणाल, तर ताटावर बसून हा विषय काढू नका. वजन, दिसणे, कॅलरी यांविषयी काहीच बोलू नये, कौतुकाचेसुद्धा नाही. 'आता छान भरलीस' हे वाक्य आमच्याकडे फार महागात पडले. 'तुला थंडी वाजते, उठताना चक्कर येते, पाळी आलेली नाही, याची मला काळजी वाटते, आपण दोघी डॉक्टरांकडे जाऊ' असे डोळ्यांना दिसणारे तेवढेच बोला. ती चिडेल, नाकारेल. तरी वेळ घेऊन ठेवा.

तिठा

मुलग्यांनाही हे होते, हे कोणीतरी लिहायला हवे. मला झाले तेव्हा जिममुळे कोणाला शंका आली नाही. आमच्या आत्या येऊन निमूटपणे शेजारी बसत आणि काहीही न विचारता सोबत जेवत, त्याची मदत झाली.

कृष्णाकाठ

सर्वांचे आभार. मानसवैद्य, तुमचा मजकूर ताईला जसाच्या तसा पाठवला. ती शनिवारी येत आहे. आज नाडी मोजली, ती ५४ भरली. दोन शंका आहेत. आधी बालरोगतज्ज्ञ की मनोविकारतज्ज्ञ? आणि उपवास थेट बंद करायला सांगितले तर सासूबाईही दुखावतील, तर काय करावे?

मानसवैद्य

५४ ही नाडी मी आधी सांगितलेल्या ५० च्या सीमेपासून फार दूर नाही, म्हणून शनिवारपर्यंत न थांबता उद्याच फिजिशियनला दाखवा. भाची अल्पवयीन आहे, तेव्हा ताईची संमती फोनवर घेऊन ठेवा आणि ईसीजी व क्षारांची तपासणी आठवणीने मागा. मनोविकारतज्ज्ञांची वेळही आजच घ्या. एकाचे संपेपर्यंत दुसऱ्याने थांबण्याचे कारण नाही. या वयात कुटुंबाला सोबत घेऊन केलेल्या उपचाराचा चांगला उपयोग होतो. त्यात जेवणाची जबाबदारी काही काळ पालक स्वतःकडे घेतात, तेव्हा ती पुण्यात राहील की सांगलीला, हेही शनिवारी ठरवावे लागेल.

उपवासाचे सासूबाईंनाच सांगू द्या. आजारी माणसाला उपवासातून सूट असते हे घरातल्या वडीलधाऱ्या बाईने, डॉक्टरांच्या देखत सांगितले, तर ते तुमच्या किंवा माझ्या सांगण्यापेक्षा लवकर पटते. मधल्या काळात रात्री-बेरात्री बोलायला कोणी हवे असेल तर टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येते. चक्कर येऊन पडली तर मात्र फोन करत न बसता थेट रुग्णालय गाठा.