अनुभव धागा : घरच्यांसह आगगाडीने युरोपातील एखाद्या जुन्या शहरात घालवलेले दोन दिवस

एल्बकाठची

आज सकाळी मिरजेहून सासूबाईंचा फोन आला होता. गुडघ्याचे औषध, आंब्यांचे भाव आणि नातीची परीक्षा हे विषय झाल्यावर त्यांनी एकदम विचारले, "प्रागच्या स्टेशनातला तो हातांचा दरवाजा अजून आहे का गं?" त्या प्रश्नाने 2018 सालच्या मे महिन्यातली ती सहल इतकी जशीच्या तशी समोर आली, की हातातले काम बाजूला ठेवून हा धागा काढते आहे.

तेव्हा सासूसासरे आमच्याकडे ड्रेस्डेनला आले होते. शनिवारी सकाळी निघायचे, रविवारी रात्री परतायचे, असा बेत होता. प्राग जेमतेम सव्वादोन तासांवर आहे. इकडे तिकीट वेगळे आणि जागेचे आरक्षण वेगळे असते, हे सासऱ्यांना पटवून देताना माझी पुरेवाट झाली. "तिकीट आहे आणि जागा नाही, म्हणजे जनरलचाच डबा की!" असे म्हणून त्यांनी गाडी येण्यापूर्वी अर्धा तास फलाटावर मोक्याची जागा धरली. प्रत्यक्षात सहा जणांचा बंद कप्पा आम्हा पाच जणांनाच मिळाला. गाडी सुटून दहा मिनिटे होत नाहीत तोच दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बाहेर आली. डाव्या हाताला एल्ब नदी, तिच्यापलीकडे वालुकाश्माचे उभे कडे आणि मध्येच डोंगरमाथ्यावर क्योनिगश्टाइनचा किल्ला, असे दृश्य सरकत होते. किल्ला उजव्या बाजूला आल्याचे कळताच सासरे दशमी हातात घेऊनच कप्प्याबाहेरच्या बोळात जाऊन उभे राहिले.

मी मात्र मनाशी वेगळेच ठरवले होते. 1410 सालचे खगोलीय घड्याळ त्यांना दाखवायचे, हा माझा मुख्य हेतू होता आणि मी त्याचे वर्णनही भरपूर करून ठेवले होते. चौकात पोहोचलो तर घड्याळ दुरुस्तीसाठी उतरवलेले आणि त्याच्या जागी त्याचेच चित्र दाखवणारा पडदा लावलेला! सहाशे वर्षांच्या घड्याळाऐवजी आम्ही टीव्ही पाहून आलो, असे सासरे अजून सांगतात. चार्ल्स पुलाने (पायाभरणी 1357) मात्र त्यांना जिंकले. त्याच्या चुन्यात अंडी घातली होती अशी दंतकथा मी सांगितल्यावर, आपल्याकडे चुन्यात गूळ आणि बेलफळ घालत, यावर त्यांनी पुलाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मला ऐकवले.

आणि तो दरवाजा. परतीच्या गाडीला वेळ होता म्हणून आम्ही मुख्य स्थानकातच फिरत होतो. पहिल्या फलाटावर निकोलस विंटन यांचा पुतळा आहे, कडेवर मूल, शेजारी एक मुलगी आणि सुटकेस. लंडनच्या या तरुण शेअरदलालाने सहकाऱ्यांच्या मदतीने 1939 साली 669 मुले, त्यांतली बहुतेक ज्यू, येथून आगगाड्यांनी ब्रिटनला पाठवली. 1 सप्टेंबरला सुटायची शेवटची गाडी युद्ध सुरू झाल्यामुळे निघालीच नाही. स्थानकातच त्या मुलांच्या आईवडिलांचेही एक स्मारक आहे. जुन्या डब्याचा दरवाजा, आणि त्याच्या काचेवर एका बाजूने मुलांच्या, दुसऱ्या बाजूने आईवडिलांच्या हातांचे ठसे. मी हे सगळे मराठीत सांगत असतानाच सासूबाईंनी आपला तळवा त्यातल्या एका ठशावर ठेवला. थोड्या वेळाने म्हणाल्या, "ह्याला पहिल्यांदा महालक्ष्मीत बसवून दिलं तेव्हा गाडी हलल्यावर मी गजाला हात लावून तशीच चालत होते." 'ह्याला' म्हणजे माझ्या नवऱ्याला. तो शेजारीच उभा होता आणि हे त्याला ठाऊक नव्हते.

तुमच्याही अशा सहली झाल्या असतील. घरचे बरोबर, आगगाडी, जुने शहर आणि हाताशी दोनच दिवस. सवडीने लिहा.

वाफेचे इंजिन

कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत लिहितो आहे, त्यामुळे प्रस्तावना नाही. बाबा भुसावळच्या लोको शेडमध्ये फिटर होते. लंडनहून यॉर्क दोन तासांवर आहे. तिथले कॅथेड्रल, रोमन आणि व्हायकिंग अवशेष, जुन्या तटावरची पायवाट असा भरगच्च कार्यक्रम मी आखला होता. स्थानकाच्या पाठीमागेच राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय आहे आणि त्याला प्रवेशशुल्क नाही, एवढे कळल्यावर तो कार्यक्रम तिथेच संपला. 1938 साली ताशी 126 मैलांचा, म्हणजे सुमारे 203 किलोमीटरचा विक्रम करणारे 'मॅलार्ड' तिथे उभे आहे. बाबांनी त्याच्या निळ्या रंगाकडे ढुंकूनही पाहिले नाही, ते वाकून चाकांजवळचे दांडे पाहत राहिले. पुढे एक इंजिन उभे चिरून ठेवले आहे, म्हणजे बॉयलरच्या आतल्या नळ्या, भट्टी, सिलिंडर सगळे उघडे दिसते. तिथे ते माझ्या मुलाला, आग कुठून जाते, पाणी कुठे असते, वाफ कुठे कोंडते, हे मराठीत समजावू लागले. शेजारी एक वयस्कर इंग्रज स्वयंसेवक येऊन उभे राहिले. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, तरी बोटे दाखवत त्यांनी चाळीस मिनिटे गप्पा मारल्या. रविवारी दुपारी तटावरून चाललो खरे, पण बाबा सारखे 1877 सालच्या त्या स्थानकाच्या वळणदार लोखंडी छताकडे बघत होते. कॅथेड्रल आतून पाहायचे राहून गेले ते राहिलेच.

दुपारचा चहा

@वाफेचे इंजिन, माझे आजोबा परळच्या वर्कशॉपात होते, त्यामुळे तुमच्या बाबांचे ते वाकून पाहणे मला अगदी दिसले. शिट्ट्या तीनच झाल्या ना?

वाफेचे इंजिन

पाच झाल्या. वरणाचे सूप झाले आहे.

दोन पोरांची आई

आमची फजिती सांगते. ब्रसेल्सहून ब्रुजला निघालो होतो, तास-सव्वातासाचा प्रवास, बरोबर दोन मुले, एक बाबागाडी आणि पेंगणारा नवरा. 'ब्रुज' हे नाव कानावर पडेल म्हणून मी वाट पाहत राहिले. पण ते फ्रेंच नाव आहे आणि तिथली भाषा डच. स्थानकाच्या पाटीवर 'ब्रुग्गे' असे लिहिलेले असते आणि घोषणेत त्याचा उच्चार घसा खाकरल्यासारखा 'ब्रुख्ख' असा काहीतरी होतो. ते आपलेच गाव हे उमगेपर्यंत दारे मिटली आणि आम्ही थेट ओस्टेंडला, म्हणजे समुद्रावर, पोहोचलो. मुलांना तर हाच खरा बेत वाटला. वाळूत दोन तास खेळल्याशिवाय त्यांनी परतीच्या गाडीत पाय ठेवला नाही.

रविवारी ब्रुजच्या 83 मीटर उंच घंटामनोऱ्याच्या 366 पायऱ्या मी एकटीने चढले, नवरा खाली बाबागाडी राखत बसला. वरच्या पायऱ्या इतक्या अरुंद आणि गोल आहेत, की उतरणारा समोर आला तर भिंतीला पाठ लावून उभे राहावे लागते. वर पोहोचते न पोहोचते तोच घंटा वाजू लागल्या. एकूण 47 घंटा आहेत आणि त्या जवळून ऐकल्यावर अर्धा तास मला नवऱ्याचे बोलणे ऐकू आले नाही. ही तक्रार नव्हे. ज्या समुद्राच्या जोरावर हे शहर श्रीमंत झाले, त्याची वाट गाळाने बुजली, व्यापार दुसरीकडे गेला आणि म्हणून जुने शहर तसेच राहिले, ही गोष्ट मी मुलांना रात्री सांगितली. मोठीने विचारले, "मग समुद्र कुठे गेला?" धाकट्याने ठामपणे उत्तर दिले, "आपण काल गेलो होतो तिथे."

गुडघेदुखी क्लब

वरच्या 366 पायऱ्या वाचूनच बसलो. गुडघ्यांची तक्रार असणाऱ्या आईवडिलांसाठी माझी शिफारस टोलेडोची आहे. माद्रिदच्या आतोचा स्थानकातून अर्ध्या तासात गाडी पोहोचते, पण चढण्यापूर्वी विमानतळासारखे सामान यंत्रातून जाते. आईच्या पितळी डब्यापाशी यंत्रावरचे गृहस्थ थांबले, डबा उघडायला लावला आणि बेसनाचा लाडू दिसल्यावर हसून पुढे जाऊ दिले. टोलेडोचे स्थानक 1919 सालचे, जुन्या मुस्लिम कारागिरीच्या धाटणीचे आहे. वडिलांनी राजवाडा समजून तिथेच वीस फोटो काढले आणि शहर टेकडीवर अजून दूर आहे हे कळल्यावर थोडे ओशाळले. टेकडी चढायला सरकते जिने आहेत, हे मात्र लोक सांगत नाहीत. तीन बाजूंनी ताहो नदी, मधल्या उंच टेकडीवर जुने शहर, आणि त्याखाली सरकत्या जिन्यावर नऊवारीतली माझी आई, हा फोटो आमच्या दिवाणखान्यात आहे.

दुपारचा चहा

लाडू त्या गृहस्थांना दिला की नाही, हे आपण लिहिले नाही.

गुडघेदुखी क्लब

आईने दिला होता. त्यांनी हात जोडून नाही म्हटले, बहुधा नियम असावा. आईला मात्र अजून वाटते की त्यांना बेसन आवडत नसावे.

पुढच्या महिन्यात प्राग

मी ड्रेस्डेनहूनच आईबाबांना घेऊन प्रागला जाणार आहे, म्हणून थोडी विचारपूस करतो. नदी दिसावी यासाठी कोणत्या बाजूच्या जागा घ्याव्यात? आणि घड्याळ आता जागेवर आहे ना?

एल्बकाठची

जाताना डावी आणि येताना उजवी बाजू घ्या, आणि जागा आवर्जून राखून ठेवा, नाहीतर बाबांना फलाटावर अर्धा तास उभे राहावे लागेल. घड्याळ आमच्यानंतर त्याच वर्षीच्या सप्टेंबरात परत बसले. सासऱ्यांना ते मी अजून सांगितलेले नाही, कारण टीव्हीची गोष्ट सांगताना ते फार खुलतात. एक विनंती आहे. वेळ झाला तर स्थानकातल्या त्या दरवाजाचा एक फोटो काढून येथे टाकाल का? सासूबाईंना पाठवायचा आहे.

पुढच्या महिन्यात प्राग

नक्की काढतो. आईला हात ठेवायला सांगू का?

एल्बकाठची

सांगू नका. ठेवला तर ठेवू द्या.