मदत हवी आहे: करार मध्येच बदलला तर नवं प्रतिफल (consideration, म्हणजे वचनाच्या बदल्यात मिळणारी गोष्ट) लागतं का? (ओंटारिओ, कॅनडा)

ओंटारिओत बिझनेस लॉचा पहिलाच कोर्स करतोय. बी.कॉम.ला १८७२चा भारतीय करार कायदा झालाय, पण त्याचाच इथे घोळ होतोय.

सरावाचा प्रश्न असा: पुरवठादार मध्येच भाव वाढवतो, ग्राहक तोंडी 'ठीक आहे' म्हणतो, माल घेतो आणि नंतर वाढीव पैसे द्यायला नकार देतो. धाकदपटशा नाही, नव्याने काही देणंघेणंही नाही.

गिल्बर्ट स्टीलचा निकाल (ओंटारिओ अपील कोर्ट, १९७६) वाचला. पोलादाच्या भावाचं जवळपास हेच प्रकरण, आणि नवं प्रतिफल नाही म्हणून वाढ अमान्य. पण ब्रिटिश कोलंबियाच्या अपील कोर्टाने २०१८मध्ये रोसास विरुद्ध टोका खटल्यात म्हटलं की दबाव वगैरे नसेल तर असा बदल प्रतिफलाशिवायही चालतो. पाठ्यपुस्तकात दोन्ही शेजारी-शेजारी, निष्कर्ष गायब! टीएला (शिकवणाऱ्या सहाय्यकाला) विचारलं, तर 'दोन्ही बाजू मांड' एवढंच उत्तर.

प्रॉमिसरी एस्टॉपेल (दिलेल्या शब्दावर समोरचा विसंबला, तर तो शब्द फिरवता येत नाही हे तत्त्व) माहीत आहे, पण ते बचावासाठी असतं आणि इथे पैसे मागणारा पुरवठादार आहे, त्यामुळे ते लागू होईलसं वाटत नाही. क्यूबेकचा सिव्हिल कोड अभ्यासक्रमात नाही.

इथे शिकलेल्या कुणी सांगाल का: ओंटारिओतल्या पेपरात निष्कर्ष गिल्बर्ट स्टीलवरच ठेवायचा आणि रोसासचा फक्त उल्लेख करायचा, की उलट?