मदत हवी आहे: पुनर्विकासानंतर मे महिन्यात बसता येईल असं आवार कसं मिळवायचं?

नमस्कार मंडळी. मुलुंडची आमची सोसायटी पुनर्विकासाला चालली आहे. नकाशात पार्किंगच्या पोडियमवर, म्हणजे पार्किंगच्या छताच्या स्लॅबवर, बाग दाखवलीय: पेव्हर ब्लॉक, लॉन आणि कडेला पाम. आज आवारात जुने करंज आणि बकुळ आहेत, त्यामुळे ज्येष्ठ मंडळी भर उन्हाळ्यातही खाली बसतात. ते सुख जाऊ नये असं मनापासून वाटतं.

मेच्या मध्यावर मुंबईत सूर्य दुपारी जवळजवळ डोक्यावर येतो, तेव्हा टॉवरची सावली नावापुरतीच, झाडच हवं. पाम काय सावली देणार? तापलेली फरशी संध्याकाळीही झळ सोडत राहते. शिवाय दमट हवेत घाम वाळायला वारा लागतो, आणि दुपारचा समुद्री वारा येतो त्या पश्चिमेलाच सलग इमारत आखली आहे.

पोडियमवर डेरेदार झाड जगायला मातीची खोली किती मागावी? की थोडी जमीन पोडियमविना मोकळी ठेवायचा आग्रह धरावा? मला दुसरं पटतं. वारा-सावलीचा अभ्यास कुणी विकासकाकडून करून घेतलाय का, करारात तो कसा लिहिला? सर्वसाधारण सभा जवळ आली आहे, कृपया लवकर कळवा.