यालूची लढाई (१८९४): जपानी चित्रं पुरावा म्हणून धरायची का?

खलाशीबुवा:
१७ सप्टेंबर १८९४ ला यालू नदीच्या मुखाजवळ जपान-चीनची आरमारं भिडली, चीनची पाच जहाजं गेली, जपानचं एकही बुडालं नाही. लगेच तोक्योत तीन कागद जोडून केलेली ठशांची रंगीत चित्रं विकायला आली. आता लोक तीच चित्रं "बघा, असं झालं" म्हणून टाकतात तेव्हा डोकं फिरतं. अहो, बहुतेक चित्रकार आघाडीवर गेलेच नव्हते, पेपरातल्या बातम्या वाचून घरबसल्या जहाजं रंगवली, वर सेन्सॉर होताच. त्यापेक्षा आरमाराचे रिपोर्ट वाचा. 'मात्सुशिमा' या जपानी फ्लॅगशिपवर, म्हणजे आरमारप्रमुखाच्या जहाजावर, ३२० मिमीची अजस्र तोफ होती, तिने दिवसभरात मोजकेच बार काढले, काम केलं ते १२० मिमीच्या झटपट तोफांनी. हे चित्रात कुठे दिसतं?

टीपकागद:
म्हणजे चित्रकार खोटारडे आणि जपानी आरमारप्रमुख अॅडमिरल इतो हरिश्चंद्राचा अवतार का? संध्याकाळी इतोने लढाई थांबवली, पाठलाग केला नाही, आणि 'डिंगयुआन', 'झेनयुआन' ही चीनची जर्मनीत बांधलेली दोन्ही चिलखती जहाजं निसटून लुशुन या चिनी बंदरात पोचली. कारण काय दिलं, तर अंधारात टॉर्पेडो बोटींची भीती. असेलही खरं, पण रिपोर्ट लिहिणाऱ्याला वर जाब द्यायचा असतो, तो स्वतःची बाजू सांभाळूनच लिहिणार ना.

खलाशीबुवा:
सांभाळून लिहिलं तरी नुकसान लपत नाही हो. झेनयुआनचा ३०५ मिमीचा गोळा मात्सुशिमात फुटला, बाहेर काढून ठेवलेला दारूगोळा पेटला आणि इतोला निशाण 'हाशिदाते'वर हलवावं लागलं. ही नामुष्की रिपोर्टमध्ये आहे, चित्रांत नुसता जयजयकार.

रात्रपाळी:
नुसता जयजयकार?? मात्सुशिमावरचा मरणाच्या दारातला खलाशी "डिंगयुआन अजून बुडाली नाही का" विचारतो, तो प्रसंग पेपरात आला, त्यावर गाणं झालं आणि चित्रंही निघाली! म्हणजे आपलीही माणसं मेली हे तोक्योत सगळ्यांना ठाऊक होतं. लपवलं नाही, उलट विकलं. मला तर ते जास्त भयंकर वाटतं.

आणि कोबायाशी कियोचिका या चित्रकाराचं ते चित्र बघा, ज्यात समुद्र उभा कापल्यासारखा दाखवलाय. वर तोफा चालल्यात आणि खाली पाण्यात चिनी जहाज तळाकडे चाललंय, आजूबाजूला बुडणारी माणसं. हाच माणूस आधी तोक्योतले रात्रीचे दिवे रंगवायचा! पाण्याखालचं दृश्य बघणारा साक्षीदार कोण असणार, म्हणून काय ते फेकून द्यायचं?

खलाशीबुवा:
फेकू नका, भिंतीवर लावा. पुरावा म्हणू नका एवढंच.

टीपकागद:
कशाचा पुरावा ते आधी ठरवा की. कोणतं जहाज कुठून वळलं हे कियोचिकाला विचारायचं नाही, मान्य. पण शत्रूची माणसं बुडताना बघायला लोक पैसे मोजत होते, हे इतोच्या कुठल्या रिपोर्टात मिळणार?

खलाशीबुवा:
ते लोकांच्या आवडीचं झालं, लढाईचं नाही.

रात्रपाळी:
लढाई लोकांच्या जिवावरच चालते बुवा, पुढच्या वर्षी तह होईपर्यंत युद्ध चालूच होतं. आणि रिपोर्टबद्दल एवढी खात्री असेल तर झेनयुआनवरच्या लोकांनी काय सांगितलंय तेही शेजारी ठेवा. मॅकगिफिन नावाचा अमेरिकन होता त्या जहाजावर, त्याने लिहून ठेवलंय. एकट्या इतोच्या कागदांवर निकाल कसला देताय?