मदत हवी आहे: विमा संपलेली गाडी, चालवणारा प्यायलेला, दुचाकीस्वार जखमी. गाडी ज्यांच्या नावावर आहे त्या वडिलांवर किती येतं?

कृष्णाकाठ:

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे वाचनमात्र. आज कोर्टकचेरीची माहिती असणाऱ्यांची गरज आहे म्हणून धागा काढतोय. गावाचं नाव देत नाही, कराड तालुका एवढं पुरे.

माझा धाकटा भाऊ (वय २७) गेल्या आठवड्यात मित्राच्या हळदीहून रात्री घरी येत होता. प्यायलेला होता, त्यात लपवण्यासारखं काही राहिलेलं नाही. वळणावर समोरून येणाऱ्या मोटरसायकलला धडकला. त्यावरचे गृहस्थ ३४ वर्षांचे, ग्रिल-शटरचं वेल्डिंग करतात, महिन्याला अठराएक हजार सुटतात असं त्यांचे मेव्हणे सांगतात. नडगीचं हाड मोडलंय, रॉड टाकलाय. जिवाला धोका नाही. भाऊ पळाला नाही, मागून आलेला टेम्पो थांबवून त्यानेच त्यांना दवाखान्यात नेलं. पोलीस तिथेच आले, भावाचं रक्त घेतलं. गुन्हा दाखल आहे, भावाला जामीन मिळालाय, गाडी पोलीस ठाण्याच्या आवारात उभी आहे.

गाडी म्हणजे जुनी अल्टो, अप्पांच्या (वडिलांच्या) नावावर. विमा मार्चमध्येच संपला होता, नवा काढायचा राहिला. अप्पा झेडपीचे निवृत्त शिक्षक. पेन्शन, दीड एकर रान, राहतं घर. भावाच्या नावावर मोबाईलशिवाय काही नाही.

अप्पा गाडीत नव्हते, गावातही नव्हते, पंढरपूरला गेले होते. तरी सगळं त्यांच्यावर येईल असं पोलीस ठाण्यात एकाने सांगितलं, तेव्हापासून त्यांचं जेवणावर लक्ष नाही. हे खरं आहे का? रान जाऊ शकतं का? आणि दवाखान्याचं बिल आपण भरलं तर तो गुन्ह्याचा कबुलीजबाब धरतात का?

घरात सल्ल्यांना तोटा नाही. चुलते म्हणतात, रान आजच आईच्या नावावर करा. एक ओळखीचा म्हणतो, मागच्या तारखेची पॉलिसी मिळवून देतो. भावाचा मित्र म्हणतो, ‘किल्ली न विचारता घेतली’ असा जबाब द्या. मला यातलं काहीच पटत नाही, पण न पटण्यामागे माझ्याकडे कायद्याचं कारणही नाही.

आगाऊ धन्यवाद.

रानपाखरू:

चुलत्यांचं ऐका. बक्षीसपत्र करून मोकळे व्हा, जग असंच करतं. आणि समोरच्याने हेल्मेट घातलं होतं का ते आधी बघा. नसेल तर निम्मी चूक त्याची.

टवाळखोर_टोपी:

पाय मोडलाय हो त्यांचा. हेल्मेट पायात घालतात का तुमच्याकडे?

काळाकोट:

मी मोटार अपघात दाव्यांचं काम करतो, बहुतेक वेळा जखमींच्या बाजूने. म्हणजे तुमच्या समोरचा वकील कसा विचार करेल, तेच सांगतो असं समजा. कागद पाहिल्याशिवाय दिलेलं मत आहे, त्यामुळे स्वतःचा वकील करालच.

इथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्या एकत्र केल्या की माणूस घाबरतो. एक फौजदारी, ती मुख्यतः भावाची. दुसरी भरपाईची, ती दोघांची.

फौजदारीत भारतीय न्याय संहितेचं २८१ (बेदरकार चालवणं) आणि १२५ ब (गंभीर दुखापत, ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १०,००० पर्यंत दंड किंवा दोन्ही) लागलं असणार. सोबत मोटार वाहन कायद्याचं कलम १८५. १०० मिलीलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल निघालं, तर पहिल्या वेळी ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० दंड किंवा दोन्ही. शिवाय परवान्यावर गंडांतर. जखमीची तयारी असेल तर १२५ पुरतं मिटू शकतं, १८५ मात्र तडजोडीने मिटत नाही. भाऊ थांबला आणि त्यांना दवाखान्यात घेऊन गेला, हे त्याच्या वकिलाने पहिल्याच तारखेपासून धरून ठेवावं. त्याच कायद्याच्या कलम १३४ प्रमाणे ते त्याचं कर्तव्यच होतं, पण ते न करणारे किती असतात ते मी रोज बघतो.

अप्पांना फौजदारीत भीती आहे ती कलम १९६ ची. विनाविमा गाडी चालवणाऱ्याला आणि चालवू देणाऱ्याला, दोघांनाही ते लागतं. पहिल्या वेळी २,००० दंड किंवा ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही.

आता खरा प्रश्न. होय, भरपाई अप्पांवर येते. आरटीओच्या नोंदीत मालक म्हणून ज्याचं नाव, तो जबाबदार. गाडी विकून टाकली पण नाव बदललं नाही अशा माणसालाही सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये, नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार निकालात, सोडलं नाही. तुमच्याकडे तर गाडी घरचीच आणि चालवणारा मुलगा. त्यामुळे किल्लीची गोष्ट रचून काही मिळणार नाही. उलट अप्पा एक सांगतील, भाऊ दुसरं, आणि उलटतपासणीत दोघेही सापडतील.

विमा असता तर कंपनीने बहुधा जखमीला पैसे देऊन मग ‘चालक प्यायलेला होता’ म्हणून तुमच्याकडून वसुली मागितली असती. तुमच्याकडे मधला हा टप्पाच नाही, थेट तुम्ही. मागच्या तारखेच्या पॉलिसीचं नाव काढू नका. पॉलिसीवर तारखेबरोबर वेळही असते, तिच्या आधीच्या अपघाताला ती उपयोगाची नाही, आणि विम्याची मुदत ‘वाहन’ पोर्टलवर कोणीही बघतं. अपघाताच्या गुन्ह्यात बनावट कागदाचा गुन्हा जोडून घ्याल.

मीनाक्षी_ताई:

काळाकोट, आकडा अंदाजे किती होऊ शकतो? धागाकर्त्याला तेच विचारायचं असावं पण धीर होत नसेल.

काळाकोट:

विचारलंत ते बरं केलंत. पद्धत सुप्रीम कोर्टाच्या निकालांनी ठरलेली आहे: सरला वर्मा (२००९) मधला गुणक (वर्षाच्या उत्पन्नाला वयानुसार ज्याने गुणतात तो आकडा), प्रणय सेठी (२०१७) मधली भविष्यातली उत्पन्नवाढ. ३१ ते ३५ वयाला गुणक १६. स्वतःचा धंदा आणि वय चाळिशीच्या आत असेल तर उत्पन्नात ४० टक्के वाढ धरतात. म्हणजे १८,००० चे २५,२००, वर्षाचे ३,०२,४००, गुणिले १६ म्हणजे ४८,३८,४००. यात त्यांचं कायमचं अपंगत्व जितके टक्के ठरेल तितका भाग. समजा २० टक्के, तर ९,६७,६८०. त्यावर दवाखाना, औषधं, बुडालेली मजुरी, वेदनेची भरपाई, आणि दाव्याच्या तारखेपासून व्याज.

हे टक्के म्हणजेच सगळी लढाई. डॉक्टर दाखला देतात तो त्या पायापुरता. न्यायाधिकरण (अपघाताच्या भरपाईचे दावे चालवणारं कोर्ट) बघतं की त्या पायामुळे त्यांच्या कमाईवर किती परिणाम झाला. राजकुमार विरुद्ध अजय कुमार (२०११) मध्ये हे नीट मांडलंय. टेबलावर बसून काम करणाऱ्या कारकुनाचा पाय आणि शिडीवर चढून वेल्डिंग करणाऱ्याचा पाय कागदावर सारखा दिसला, तरी कमाईत सारखा नसतो. तुमच्या बाबतीत हा मुद्दा तुमच्या विरुद्ध जातो. दुसरीकडे, हाड नीट जुळलं आणि सहा-आठ महिन्यांत ते कामावर गेले, तर हाच आकडा खूप खाली येतो. म्हणून आत्ता उपचार चांगले होणं तुमच्याही हिताचं आहे, हे अप्पांना सांगा.

कृष्णाकाठ:

आकडा वाचून थोडा वेळ काही सुचलं नाही. पण निदान काहीतरी समोर आलं. रानाचं सांगाल का?

काळाकोट:

न्यायाधिकरणाचा निकाल झाला आणि पैसे भरले नाहीत, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १७४ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे वसुलीचा दाखला जातो आणि ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते. म्हणजे तहसीलमधून नोटीस, मग जप्ती, शेवटी लिलाव. त्यामुळे ‘रान जाऊ शकतं का’ याचं कायद्यातलं उत्तर ‘हो’. पण तिथपर्यंत पोचायला बराच काळ जातो, आणि मधल्या प्रत्येक टप्प्यावर हप्त्याने भरण्याची तडजोड करता येते. पेन्शनवर सहसा जप्ती येत नाही. रान वडिलोपार्जित असेल तर अप्पांच्या हिश्श्यापुरताच प्रश्न, म्हणून सातबारा आणि जुने फेरफार काढून ठेवा.

बक्षीसपत्राबद्दल, रानपाखरू यांनी राग मानू नये. अपघातानंतर केलेलं हस्तांतरण मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५३ खाली घेणेकऱ्यांना बुडवण्यासाठी केलं म्हणून रद्द होऊ शकतं. जखमीचा वकील सर्वात आधी फेरफारच बघतो, मी तरी बघतो. गुन्ह्यानंतर लगेच बायकोच्या नावावर जमीन दिसली की तडजोडीची भाषा संपते. मुद्रांक शुल्क गेलं ते वेगळंच.

रानपाखरू:

राग नाही हो. आमच्याकडे एकाने केलं होतं आणि पचलं, म्हणून लिहिलं.

सुतारपक्षी:

गाडी सोडवायचं काय? सुपूर्तनाम्यावर (कोर्ट मागेल तेव्हा हजर करू असं लिहून देऊन) मिळत नाही का?

काळाकोट:

विमा असलेली मिळते. विमा नसलेल्या गाडीला मालकाने पुरेशी हमी दिल्याशिवाय कोर्ट सोडत नाही. नाहीतर ताब्यात घेतल्यापासून ३ महिन्यांनी लिलाव करून पैसे दाव्यासाठी जमा करायचे, असा नियम आहे. जुनी अल्टो सोडवायला भरपाईइतकी हमी देण्यात अर्थ आहे का, ते तुम्हीच ठरवा. मी तरी तिच्यामागे धावलो नसतो.

बिल भरण्याबद्दल: जरूर भरा, मात्र रोख नको. दवाखान्याच्या खात्यात किंवा त्यांच्या खात्यात, पावतीसह, आणि ‘माणुसकीच्या नात्याने उपचारासाठी’ असं वकिलाकडून लिहून. नंतर दाव्यात ही रक्कम वजा करून मागता येते. आणखी एक, मे २०२५ पासून रस्ता अपघातातल्या जखमींसाठी केंद्राची कॅशलेस योजना आहे: अपघातापासून ७ दिवस, १.५ लाखापर्यंत, यादीतल्या दवाखान्यात. गाडीला विमा नसला तरी जखमीला ती मिळते. त्यांच्या घरच्यांनी दवाखान्यात विचारलंय का, ते पहिल्यांदा बघा, दिवस संपत आलेत.

कृष्णाकाठ:

हे कोणालाच माहीत नव्हतं. त्यांच्या मेव्हण्यांना आत्ताच फोन केला, ते बिलिंग खिडकीवर गेलेत.

आता शेवटचं. अप्पांना स्वतः त्यांना भेटायला जायचंय. चुलते अडवतात, म्हणतात तिथे चार लोक अंगावर येतील. आणि शंभराच्या स्टॅम्पवर ‘तक्रार नाही’ लिहून घेऊन मिटवावं, असं गावातले म्हणतात.

मीनाक्षी_ताई:

मी दुसऱ्या बाजूची आहे. माझ्या वडिलांना असंच एकाने उडवलं होतं. त्याच्या घरचं कोणी एकदाही फिरकलं नाही, आला तो थेट वकील. आईने पुढे तडजोडीला नकार दिला तो याच रागाने, पैशासाठी नाही. अप्पांना जाऊ द्या. भावाला आत्ता नेऊ नका, तुम्ही सोबत जा. त्या भेटीत पैशाचा, स्टॅम्पचा विषय काढू नका. बायकोशी बोला, घरात काय अडलंय ते विचारा. अंगावर कोणी आलंच तर ऐकून घ्या, तेवढा त्यांचा हक्क आहे.

काळाकोट:

ताईंशी सहमत. अप्पांना फक्त एवढं सांगा की अपघात कसा झाला यावर तिथे काही बोलायचं नाही, ते गाडीत नव्हते.

स्टॅम्पवरचा कागद नको. तो देऊनही ते अपघातापासून ६ महिन्यांत दावा लावू शकतात आणि तुमचे पैसे अधांतरी राहतात. तडजोड करायची ती न्यायाधिकरणापुढे किंवा राष्ट्रीय लोक अदालतीत. तिथला निवाडा पक्का, त्यावर अपील नाही, आणि हप्ते त्यातच लिहून घेता येतात. पोलिसांनी ४८ तासांत पहिला अपघात अहवाल न्यायाधिकरणाला पाठवायचा असतो आणि ९० दिवसांत सविस्तर. तो अहवालच दावा म्हणून धरता येतो, म्हणजे त्यांनी वकील केला नाही तरी काम सुरू होऊ शकतं. नोटीस आली की अप्पांनी हजर राहायचं. गैरहजर राहिलात तर एकतर्फी निकाल आणि त्यांनी सांगितलेलं उत्पन्न जसंच्या तसं.

वकिलाचा खर्च झेपत नसेल तर तालुका विधी सेवा समितीत जा किंवा १५१०० वर फोन करा. अप्पांची पेन्शन उत्पन्नाच्या मर्यादेत बसते का ते तेच सांगतील. भावाचा आणि अप्पांचा वकील मात्र वेगळा ठेवा. आज दोघांचं हित एक दिसतंय, वसुलीच्या वेळी दिसेलच असं नाही.

कृष्णाकाठ:

आभार सगळ्यांचे. उद्या सकाळी अप्पांना घेऊन दवाखान्यात जातोय, सोमवारी कराडला वकिलांकडे. पहिल्या अहवालाची प्रत मागायची ते वहीत लिहून घेतलंय. पुढे काही अडलं तर याच धाग्यावर विचारेन.